आईचा चहा नेमका कसा?

मंडळी, आज एका प्रश्नाने सुरुवात करते. तुमच्या घरात रोज सकाळी सगळ्यांचा चहा जी व्यक्ती करते, तिला स्वतःला कसा चहा आवडतो? उत्तर पटकन आलं असेल तर तुमचं खरंच कौतुक. मला ते वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं!

मी नोकरीसाठी बंगळुरूला राहते. आम्ही फ्लॅटमध्ये चौघीजणी, आणि चौघींचे चहा चार तऱ्हेचे. कोलकात्याच्या मैत्रिणीला दार्जिलिंगचा बिनदुधाचा फिका चहा लागतो. केरळच्या मैत्रिणीला लिंबू पिळलेला सुलेमानी. हैदराबादची म्हणते, इराणी चहासारखा दाट नसेल तर तो चहाच नव्हे. आणि मी नागपूरची, आलं ठेचून घातल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. या रोजच्या वादात आपली बाजू भक्कम हवी म्हणून मी चहाबद्दल बरंच वाचून काढलं.

चहाचे नियम करणारी मोठी माणसं

जॉर्ज ऑर्वेल हे इंग्रज लेखक जन्माने आपल्या बिहारमधल्या मोतिहारीचे. त्यांनी १९४६ साली लंडनच्या एका वर्तमानपत्रात चांगल्या चहाचे चक्क ११ नियम लिहिले होते. कपात आधी चहा, मग दूध, आणि साखर अजिबात नाही, असं त्यांचं ठाम मत. आपल्याकडच्या कुठल्याही आजोबांशी त्यांचं जोरदार भांडण झालं असतं!

पुढे १९८० मध्ये चहा करण्याचं आंतरराष्ट्रीय मानकही आलं. १०० मिलिलीटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि मुरायला ६ मिनिटं. अर्थात हे मानक चव तपासणाऱ्यांसाठी आहे. सगळे नमुने एकाच पद्धतीने केले तरच त्यांची तुलना करता येते. चहा असाच चांगला लागतो, असं ते म्हणतच नाही.

माझा चहा, माझं प्रमाण

दोन कपांसाठी मी सव्वा कप पाणी आणि एक कप दूध घेते. थोडं उकळताना आटतंच. काही गोष्टी मात्र चुकत-माकत शिकले, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील.

आलं नेहमी पाण्यात घालून आधी उकळा. कच्च्या आल्यात दूध फाडणारा घटक असतो, उकळल्यावर त्याचा जोर जातो. गवती चहाची पातही पाण्यातच टाका.

गुळाचा चहा करत असाल तर गॅस बंद केल्यावर गूळ घाला. दुधासोबत गूळ उकळला की चहा फाटण्याची भीती असते.

पावडर बघून वेळ ठरवा. आपल्याकडची दाणेदार पावडर सीटीसी, म्हणजे पानं चिरडून, फाडून, वळवून केलेली असते. ती झटपट रंग आणि कडकपणा सोडते, म्हणून दूध-साखर पेलते. दार्जिलिंगचं अख्खं पान नाजूक. ते उकळू नका, गरम पाण्यात ३-४ मिनिटं झाकून ठेवा.

हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाबरोबर चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो.

आईचा अर्धा कप

एवढी तयारी करून मी दिवाळीत नागपूरला गेले आणि पहिल्याच सकाळी जाहीर केलं, "आज चहा मी मांडते." आलं भरपूर, उकळी तीनदा, रंग सुरेख. बाबांनी दुसरा कप मागितला. आजी म्हणाली, "पोरगी शिकली हो!"

कपबशा उचलताना पाहिलं, तर आईचा कप अर्धा तसाच होता.

"का गं, बिघडला का?"

"नाही गं, छान झालाय. मला आल्याने जरा जळजळतं, एवढंच."

मी बघतच राहिले. आमच्या घरी रोज आल्याचाच चहा होतो आणि तो रोज आईच करते. "मग इतकी वर्षं पीत कशी होतीस?"

"सकाळच्या घाईत दोन भांडी कोण चढवणार?" ती म्हणाली आणि डबे भरायला लागली.

मंडळी, आईच्या लग्नाला २८ वर्षं झाली. बाबांना आलं लागतं, आजीला साखर कमी, मला दूध जास्त, हे तिला झोपेतही पाठ आहे. तिला काय लागतं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याहून वाईट वाटलं ते पुढे. "तुला आवडतो तसा करून देते, सांग," म्हटलं, तर तिलाही चटकन सांगता येईना!

मग आठवत आठवत म्हणाली, माहेरी सांगलीला आजोबा चहा उकळत नसत. पाण्याला साखर घालून आधण आलं की पावडर टाकायची, लगेच गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवायचं. तीन मिनिटांनी गाळायचं आणि वेगळं तापवलेलं दूध वरून, रंग बदलण्यापुरतं. सोबत गवती चहाची एखादी पात.

पहिल्या दिवशी माझ्याकडून दूध जास्त झालं. दुसऱ्या दिवशी पावडर कमी पडली. तिसऱ्या सकाळी आईने घोट घेतला, काही बोलली नाही, आणि खुर्चीत बसून कप संपवला. एरवी ती ओट्यापाशी उभ्यानेच चहा पिते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आता आमच्या ओट्यावर सकाळी दोन भांडी असतात. छोटं भांडं बाबांच्या वाट्याचं. झाकण ठेवायला ते निम्म्या वेळा विसरतात, असं आई फोनवर सांगते. पण कप पूर्ण संपवते, हेही सांगते.

परफेक्ट चहाचं प्रमाण मी तुम्हाला वर दिलंच आहे. ते माझ्या जिभेचं आहे, तुम्ही हवं तसं बदला. फक्त उद्या सकाळी भांडं चढवण्याआधी घरातल्या त्या एका माणसाला विचारा, "तुझा कसा करू?" आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा जरा. चहालाही मुरायला वेळ लागतोच की!