हेलिकॉप्टरची सुपारी देण्याआधी

लेकीची पाठवणी हेलिकॉप्टरने करायची, असं जालना जिल्ह्यात ज्यांच्या घरी ठरतंय, त्यांच्याशी थोडं बोलायचं आहे. हौसेला माझा विरोध नाही. बियाण्याचे प्लॉट सांभाळून, मोसंबी जगवून, सळईच्या कारखान्यात राबून चार पैसे गाठीला आले असतील, तर लेकीसाठी ते कसे खर्चायचे हे तुमचं तुम्ही ठरवा. पण लेक-जावई ज्याच्या हवाली करताय, त्याचा धंदा कसा चालतो ते आधी समजून घ्या.

जालन्याला विमानतळ नाही. हेलिकॉप्टर बहुधा मुंबईच्या जुहूहून नाहीतर पुण्याहून येतं. जुहूहून इथवर यायलाच दीड तासाच्या वर लागतो, तेही रिकामं, आणि परत जातानाही रिकामंच. लेक घनसावंगीहून मंठ्याला पाव तासात पोचते, बिल मात्र त्या सगळ्या तासांचं लागतं. म्हणून कुणी निम्म्या दरात देतो म्हणाला तर हुरळून जाऊ नका. कात्री नेमकी कुठे लावली, ते विचारा.

छोट्या ऑपरेटरकडे कात्री लावायला जागाच नसते. 1985 मध्ये उभ्या राहिलेल्या पवन हंस या सरकारी कंपनीला ओएनजीसीसारखं बारमाही गिऱ्हाईक मिळालं. एक-दोन हेलिकॉप्टरांवर नव्याने धंदा मांडलेल्या माणसाला लग्नं, निवडणुका आणि जमलंच तर चारधाम. उरलेले महिने मशीन उभं. पण हप्ता, विमा, पायलटचा आणि इंजिनिअरचा पगार काही थांबत नाही. रॉबिन्सन आर44 हे छोटं हेलिकॉप्टर 2,200 तास उडालं किंवा त्याला 12 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा पूर्ण खोलून ओव्हरहॉल करावं लागतं. म्हणजे न उडताही आयुष्य सरतच असतं. त्यात ऐन सराईत एखादा सुटा भाग परदेशातून यायचा राहिला, तर सगळा हंगाम हातचा जातो. अशा मालकाला तुमचं एक बुकिंग सोडणं फार जड जातं. तरीही त्याचा पायलट ‘आज जमणार नाही’ म्हणाला, तर हात जोडून सांगतो, त्याचं ऐका. वाद घालू नका, आमदाराला फोन लावू नका, जास्तीचे पैसे देऊ करू नका.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. हवा तापली की विरळ होते आणि पंख्याला उचल कमी मिळते. जालना मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंच. डिसेंबरात चौघं बसली म्हणून मेच्या दुपारी चौघं बसतीलच असं नाही. ‘करवलीलाही घ्या, लहानच आहे’ हा आग्रह नको. लग्नाला येणारी ही हेलिकॉप्टरं दिवसाउजेडीच उडवायची असतात. गोरज मुहूर्त असेल तर हेलिकॉप्टरचा बेतच सोडा. दुपारच्या अक्षता लांबल्या, वरात पारावरच नाचत बसली, तरी दिवस मावळायचा थांबत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष द्या ते वावराकडे. 25 मे 2017 रोजी निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्या उडाल्या विजेच्या तारांत अडकून कोसळलं. नशिबाने सगळे वाचले. मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्याला सगळी यंत्रणा राबत असते. तुमच्या वावरात डीपी कुठे, मोटारीची वायर कुठून ओढली, हे पायलटला तुम्हीच दाखवायचं. शेजारच्या शेडनेटची सैल जाळी, बांधाला अडकलेले मल्चिंग पेपरचे तुकडे, मंडपाची कनात, पंख्याच्या वाऱ्याने यातलं काहीही उडून वर जाऊ शकतं. ते आदल्या दिवशीच काढा. फुलं उधळणं, रंगीत कागदांच्या तोफा, काहीच नको. पंखा पूर्ण थांबेपर्यंत एकही पोर दोरीच्या आत येता कामा नये. शेपटीचा पंखा वेगात फिरताना दिसतच नाही. 23 एप्रिल 2023 रोजी केदारनाथला उत्तराखंडच्या नागरी विमान वाहतूक विकास प्राधिकरणाचे वित्त नियंत्रक त्याच पंख्याने गेले, आणि ते तर त्याच खात्याचे अधिकारी होते.

हवा खराब असताना उडण्याचे परिणाम आपल्या विदर्भातल्या एका घराने भोगले आहेत. 15 जून 2025 रोजी पहाटे केदारनाथहून निघालेलं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळलं आणि पायलटसह सातही जण गेले. त्यात वणीचं जोडपं होतं आणि त्यांची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी.

आता कागदांचं. तुमच्याशी बोलतो तो बहुतेक वेळा इव्हेंटवाला असतो, हेलिकॉप्टर दुसऱ्याचंच असतं. मूळ मालकाचं नाव घ्या. त्याच्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना आहे का, ते डीजीसीएच्या संकेतस्थळावरच्या यादीत घरातल्या शिकल्यासवरल्या पोराला बघायला लावा. खासगी नोंदणीच्या हेलिकॉप्टरला भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. विम्याची प्रत मागा. हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर किती पैसे परत मिळणार, हे बयाणा देण्याआधी लिहून घ्या आणि त्यात ऑपरेटरचा येण्याजाण्याचा खर्च मान्य करा. तेवढा खर्च निघतोय म्हटलं की पायलटला नाही म्हणायला बळ येतं. जिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलिसांकडची कामं कोण करणार, तेही त्याच कागदावर येऊ द्या. आणि सजवलेली गाडी ड्रायव्हरसकट तयार ठेवा.