शब्दांची साक्ष

इ.स. १३०५. स्पेनमधील आरेव्हालो या गावी मोशे दे लिऑन हे ज्यू पंडित निवर्तले. मागे पत्नी, कन्या आणि रिकामे घर. मोशे यांच्यापाशी एका पुरातन ग्रंथाची मूळ पोथी आहे, अशी ख्याती होती. आव्हिला नगरातील एका धनिकाच्या पत्नीने त्या विधवेपुढे प्रस्ताव ठेवला : पोथी द्यावी, तिच्या कन्येला सून करून घेऊ, मायलेकींना अन्नवस्त्राची ददात राहणार नाही. विधवेने शपथेवर उत्तर दिले, अशी पोथी कधी नव्हतीच. पतीने सारे स्वतःच्या बुद्धीने लिहिले. स्वतःच्या नावावर लिहिले असते तर कोणी विचारले नसते, प्राचीन ऋषितुल्य पुरुषाच्या नावावर मोल मिळते, असे तो म्हणे. अक्को येथून आलेल्या आयझॅक या पंडिताने ही ऐकीव हकीकत टिपून ठेवली.

तो ग्रंथ म्हणजे ‘झोहार’. झोहार म्हणजे तेज. ज्यू धर्मग्रंथ तोराचे गूढार्थाने केलेले हे विवरण अरामी भाषेत आहे. परंपरा त्याचे कर्तृत्व दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बार योहाई यांना देते. अरामी ही एके काळी पश्चिम आशियाच्या व्यापाराची आणि राज्यकारभाराची भाषा; कंदाहार येथील सम्राट अशोकाचा एक लेख ग्रीक आणि अरामी भाषांत कोरलेला आहे. तेराव्या शतकातील स्पेनमध्ये मात्र ती कोणाच्याही घरची बोली नव्हती. तेथील ज्यू पंडित ती शिकत ते तालमूदसारख्या ग्रंथांतून.

विधवेचे म्हणणे खरे की परंपरेचे? शपथेने हा प्रश्न सुटला नाही. एकोणिसाव्या शतकातील इतिहासकार हाइनरिश ग्रेट्झ यांनी ग्रंथाला बनावट ठरवून तुच्छ लेखले. बर्लिनमध्ये जन्मलेले गेरशोम शोलेम १९२३ साली जेरुसलेमला आले, तेव्हा त्यांना हा निवाडा मान्य नव्हता. तेथील विद्यापीठात त्यांनी पहिलेच व्याख्यान याच विषयावर दिले आणि ग्रंथात जुने अंश असावेत, या बाजूला कौल दिला.

त्यानंतर त्यांनी वर्षानुवर्षे मूळ अरामी ग्रंथच वाचला. जाणकार व्यापारी नाणे हाती घेऊन त्याचा कस पाहतो, तसा त्यांनी एकेक शब्द पारखला. ही अरामी कोणा एका प्रदेशाची जिवंत बोली नव्हती. तोराच्या जुन्या अरामी भाषांतरातून आणि बाबिलोनी तालमूदमधून ती घडवलेली होती. कित्येक शब्द चुकीच्या अर्थाने आले होते. वाक्यरचनेत मध्ययुगीन हिब्रूची वळणे होती आणि पवित्र भूमीच्या भूगोलातही चुका होत्या. शब्द खोटे बोलत नव्हते. ते तेराव्या शतकातील स्पेनची साक्ष देत होते.

शोलेम यांनी ही साक्ष स्वीकारली. १९३८ सालच्या व्याख्यानांतून आणि १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून त्यांनी पूर्वीचे मत सोडले आणि झोहारचा मुख्य भाग मोशे दे लिऑन यांचाच, असा निष्कर्ष मांडला. मात्र ग्रेट्झप्रमाणे ग्रंथाचा अवमान केला नाही. कर्त्याचे नाव बदलले तरी त्यातील कल्पनेची झेप आणि भक्तीची तळमळ खरी आहे, याची त्यांना जाण होती.

विचार तेथेही थांबला नाही. पुढे येहुदा लिबेस यांनी, हे एका व्यक्तीचे नव्हे, पंडितांच्या मंडळाचे कार्य असावे, असे मांडले. डॅनियल मॅट यांनी हस्तलिखिते ताडून अरामी पाठ सिद्ध केला आणि त्यावरून इंग्रजी भाषांतर आरंभिले. सहकाऱ्यांसह बारा खंडांचे ते कार्य २०१७ साली पूर्ण झाले.

शोलेम यांची स्वतःची झोहारची प्रत त्यांच्या निधनानंतर, १९९२ साली, समासातील हस्ताक्षरातील टिपांसह जशीच्या तशी छापण्यात आली. आपल्याच मताविरुद्ध जाणारा पुरावा दिसला तेव्हा तो दडवावा, असे त्या वाचकाला वाटले नाही. स्वाध्यायाची खरी कसोटी तीच. हिशेबात आपली चूक आपल्यालाच सापडली, तर वही बंद करायची की आकडा दुरुस्त करायचा, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.