स्विफ्टला विंग लावताय? आधी गाडीच्या खाली वाकून बघा

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने फोटो पाठवला. दहा वर्षं जुनी स्विफ्ट आणि तिच्या डिकीच्या दारावर भलीमोठी काळी विंग. खाली मेसेज, "दादा, पुढच्या ट्रॅक डेला बघच आता." किंमत विचारली तर म्हणाला, अठरा हजार. टायर मात्र तेच, गुळगुळीत झालेले.

विषय ताजाही आहे. टोयोटाने 2025 मध्ये जीआर यारिस या छोट्या हॅचबॅकसाठी एरो परफॉर्मन्स पॅकेज जाहीर केलं. ही गाडी आपल्याकडे विकली जात नाही, पण तिच्या मागच्या विंगचे फोटो आपल्याकडच्या ग्रुप्सवरही भरपूर फिरले. फोटोत विंगच दिसते, हाच घोळ आहे. त्या पॅकेजमध्ये भाग सहा आहेत आणि विंग त्यातला फक्त एक. बाकीचे पाच म्हणजे बॉनेटमधून गरम हवा बाहेर सोडणारा डक्ट, पुढच्या बंपरखालचा लिप, चाकांच्या कमानीत कोंडलेली हवा सोडणारे फेंडर डक्ट, पेट्रोलच्या टाकीखालचं कव्हर आणि मागच्या बंपरमधले डक्ट. म्हणजे बहुतेक मेहनत हवेला वाट करून देण्यावर आहे.

असं का, ते समजून घेऊ. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा एखादी विंग ताशी 100 किलोमीटरला 10 किलो डाऊनफोर्स देते. तीच 50 ला अडीच किलो देईल आणि 150 ला साधारण 22. कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेची एक फेरी 2.1 किलोमीटरची. तिथल्या बऱ्याच वळणांवर साधी स्विफ्ट शंभरच्या आतच असते. म्हणजे अठरा हजार मोजून मिळालं काय, तर पिठाची एक पिशवी डिकीवर ठेवल्याइतकं वजन! नवे टायर याहून कितीतरी जास्त पकड देतात.

आता हॅचबॅकची खरी अडचण. छपरावरून आलेली हवा मागच्या काचेपाशी पोचली की गाडीला चिकटून खाली उतरत नाही, छपराच्या कडेलाच सुटते. काचेच्या मागे जे उरतं ते गोल गोल फिरणारं, बिनकामाचं वारं. माझ्या भावाची विंग नेमकी त्यातच बसवलेली! विंगला काम करायचं तर स्वच्छ, वेगाने वाहणारी हवा हवी, म्हणजे तिची जागा छपराच्या पातळीला किंवा त्याहून वर. सेडानवर चालणारी जागा हॅचबॅकवर चालत नाही.

बरं, विंग योग्य जागी लावली तरी दुसरा प्रश्न उरतो. ती मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असेल तर तरफेसारखं काम करते. मागचा भाग दाबते आणि पुढचा किंचित उचलते. स्विफ्टच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर सुमारे 2.45 मीटर. विंग अर्धा मीटर मागे असेल तर त्या 22 किलोंमुळे पुढच्या चाकांवरचं साडेचार किलो वजन कमी होतं. आकडा लहान आहे, मान्य. पण फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत खेचायचं आणि वळवायचं, दोन्ही कामं त्याच चाकांकडे. वेगाच्या वळणात स्टेअरिंग फिरवावं आणि गाडीने सरळ जाण्याचा हट्ट धरावा, हा प्रकार त्याने वाढतो. वर ड्रॅग आहेच. माझ्या ढोबळ हिशोबाने अशा गाडीला ताशी 150 ला नुसती हवा कापायला 40 च्या आसपास हॉर्सपॉवर लागते, आणि त्या स्विफ्टकडे एकूण आहे सुमारे 85.

मग फक्त पुढे स्प्लिटर लावायचा का? ते जास्त धोक्याचं. पुढची पकड वाढली आणि मागची तशीच राहिली, तर वेगात मागचा भाग हलका होतो आणि गाडी फिरते. गोल्फच्याच प्लॅटफॉर्मवर बनलेल्या पहिल्या ऑडी टीटीची गोष्ट आठवा. जर्मनीत भरधाव वेगात अपघात झाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावल्या आणि मागे छोटा स्पॉयलर बसवून दिला, सोबत सस्पेन्शनमध्ये बदल आणि ईएसपीही. इतक्या मोठ्या कंपनीचा तोल चुकू शकतो, तर गॅरेजमध्ये अंदाजाने लावलेल्या भागांचं काय!

माझा क्रम विचाराल तर टायर, ब्रेक पॅड आणि अलाइनमेंट झाल्याशिवाय हवेकडे वळूच नये. त्यानंतर गाडीखाली. पुढच्या बंपरपासून इंजिनखाली सपाट पत्रा लावला की हवा खडबडीत भागांत अडकत नाही. ड्रॅग आणि लिफ्ट, दोन्ही कमी होतात. फक्त इंजिनची गरम हवा बाहेर पडायची वाट बंद करू नका, नाहीतर तिसऱ्या फेरीत तापमानाचा काटा वर. मग स्प्लिटर आणि छपराच्या उंचीची विंग, पण दोन्ही जोडीनेच. हौशी रेसर स्प्लिटर चक्क प्लायवुडचा करतात आणि तो छान चालतो. तो नुसत्या प्लास्टिकच्या बंपरला मात्र स्क्रूने लटकवू नका, चासीला धरून बसवा. ताशी 140 ला सुटून चाकाखाली आला तर काय होईल, हे सांगायला नको.

हे सगळं ट्रॅकवर जाऊन लावायचं आणि परत येताना काढायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावलं. शिवाय बाहेर आलेली धारदार कड रस्त्यावर कुणाच्या पायाला लागली तर? आपले स्पीड ब्रेकर तर स्प्लिटर पहिल्याच दिवशी उखडतील.

भावाला मी एवढंच सांगितलं, की दहा-बारा सेंटिमीटरचे लोकरीचे धागे काप, छपरावर, मागच्या काचेवर आणि विंगवर टेपने चिकटव आणि ट्रॅकवर दुसऱ्या गाडीतून व्हिडिओ काढायला लाव. धागा सरळ मागे उडाला तर हवा चिकटून वाहतेय. वेडावाकडा नाचला तर सुटलीय. खर्च पन्नास रुपये.

परवा त्याचा व्हिडिओ आला. छपरावरचे धागे शिस्तीत मागे. काचेवरचे आणि विंगखालचे मात्र वर, चक्क पुढच्या दिशेला वळलेले. विंग त्याने विकायला काढलीय, अकरा हजारांना. अजून कुणी विचारलेलं नाही.