आधी बाटली की आधी बॅटरी?

डिसेंबर-जानेवारीत आपल्या खान्देशात पहाटेचा पारा ८-१० अंशांवर येतो. मे महिन्यात ४५ अंश सोसणारी माणसं स्वेटर शोधतात, केळीवर चरका पडतो आणि महामार्गावर उभ्या ट्रकचे सेल्फ घरघरायला लागतात. याच दिवसांत वरणगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत डिझेलमध्ये टाकायच्या बाटल्या काउंटरवर येतात. टाकीत ओता आणि एका सेल्फमध्ये गाडी चालू! माझं गाव वरणगाव आणि शिक्षण मेकॅनिकलचं. त्यामुळे सुट्टीत घरी गेलो की ओळखीचे ड्रायव्हरकाका हटकून विचारतात, "काय बाबू, टाकू का ही बाटली?"

माझं मत सरळ आहे. खान्देशात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीसाठी हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो. तीच गाडी केळी भरून पंजाब-जम्मूकडे निघाली असेल तर उत्तर बदलतं. आणि रॉकेल म्हणाल, तर ते दोन्हीकडे नको.

मित्रांनो, थर्मलच्या पेपरात आपण सगळेच लिहितो की डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती ५०० अंशांच्या वर तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण थंड सिलिंडर ही उष्णता शोषून घेतो. त्यात सेल्फ हळू फिरला तर दाबलेली हवा रिंगांच्या बाजूने निसटते, उरलेली गार पडते. म्हणजे पहिला प्रश्न डिझेलचा नसून फिरण्याच्या वेगाचा आहे. बॅटरीची ताकद शून्य अंशाला साधारण एक तृतीयांशाने घटते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. आपल्याकडे शून्य अंश नसतं हे खरं, पण दोन वर्षं जुनी बॅटरी, पांढरी बुरशी चढलेले टर्मिनल आणि कधीच न बदललेली अर्थिंगची केबल असेल तर १० अंशही पुरतात.

म्हणून मी काकांना उलट विचारतो, "सेल्फ कसा फिरतो?" मंद फिरत असेल तर बाटलीचा काही संबंध नाही. झपाझप फिरतोय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय पण गाडी पेटत नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय आणि न जळता बाहेर पडतंय. तिथे नोझल, टायमिंग, कॉम्प्रेशन आणि हीटर असेल तर तो बघायचा. धूरच नाही, तर लाइनने एअर घेतली असेल. रात्रीतून डिझेल मागे उतरतं, सकाळी हातपंपाने एअर काढली की गाडी चालू होते. हा दोष एका वॉशरचाही असू शकतो. लोक मात्र तो महिनोन् महिने थंडीच्या खात्यावर टाकतात.

आता बाटलीत असतं काय? तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने खपतात, हा माझा खरा आक्षेप आहे. एक सिटेन वाढवणारी, बहुतेक वेळा २-इथाइलहेक्झिल नायट्रेटची. हिने डिझेल थोडं लवकर पेटतं. पण बीएस-६ डिझेलचा सिटेन नंबर मुळातच किमान ५१ लागतो, त्यामुळे चांगल्या इंजिनाला आपल्या थंडीत फरक जाणवणं कठीण. दुसरी मेणाचे खडे मोठे होऊ न देणारी. तिसरा ईथरचा स्प्रे, जो एअर फिल्टरपाशी मारतात. ईथर डिझेलपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेटतो, म्हणून मेलेलं इंजिनही धडकन उठतं. पण ते वेळेआधी पेटून रिंगा आणि पिस्टनवर घाव घालतं, आणि इंजिनात ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर चालू असेल तर भडकाच उडतो. "इंजिनाला सवय लागते" असं ड्रायव्हर म्हणतात. खरं तर कॉम्प्रेशन गेलेलं असतं आणि मालक काम पुढे ढकलत असतो.

मेणाचा मुद्दा मात्र खरा आहे. डिझेलमध्ये पॅराफिन मेण असतंच. गारठ्यात त्याचे खडे होतात आणि फिल्टर चोंदतो. अशी गाडी चालू होते आणि थोड्या अंतरावर दम तोडते. आपल्या आयएस १४६० मानकात फिल्टर चोंदण्याच्या तापमानाची मर्यादा नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी ६ अंश आहे, उरलेल्या महिन्यांसाठी १८ अंश! म्हणजे वरणगावात हिवाळ्यात भरलेलं डिझेल वरणगावात चालायला हवं. पण सप्टेंबरात भरून ठेवलेल्या जनरेटरच्या टाकीला ही खात्री लागू नाही. (रेक्टर सरांनी हे वाक्य परीक्षेच्या आधी वाचावं ही विनंती.)

रावेर-सावद्याची केळी घेऊन उत्तरेला जाणाऱ्या ट्रकचं गणित वेगळं. इथल्या पंपावर टाकी फुल्ल करून तो शून्याच्या आसपासच्या गारठ्यात उभा राहतो. तिथे दुसरी बाटली कामाची आहे, पण ती डिझेल गढूळ व्हायच्या आधी ओतावी लागते, शक्यतो भरतानाच. मेण जमल्यावर ओतलेली बाटली जमलेलं मेण विरघळवत नाही. मग टाकीखाली टायर पेटवणं सुरू होतं. इकडे १३ अंशांखाली केळीची साल काळवंडते, म्हणजे गाडी अडकली की मालही गेला. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंश पोअर पॉइंटचं खास हिवाळी डिझेल आणलं, पानिपत रिफायनरीत तयार झालेलं. त्या थंडीत तेलच वेगळं लागतं.

राहिलं रॉकेल. त्याने मेण उशिरा जमतं, हे खरं आहे, म्हणूनच ही युक्ती इतकी वर्षं टिकली. ६९७ इंजिनाच्या जुन्या टाटाने ती पचवलीही असेल. पण कॉमन रेलच्या पंपाला वंगण म्हणून डिझेलच मिळतं. रॉकेल पातळ, त्यामुळे पंप घासतो, त्याचा कीस इंजेक्टरपर्यंत जातो आणि बिल ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापलं जातं. शिवाय हे रॉकेल येतं कुठून, हेही आपण विसरू नये. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. दोन लिटर स्वस्त रॉकेल ओतणाऱ्याला ही बाजारपेठ दिसत नाही.

माझी सूचना अशी. यंदाच्या एनएसएस शिबिरात दोन दिवस वरणगाव-भुसावळ रस्त्यावरच्या ढाब्यांपाशी बसावं. हायड्रोमीटर, मल्टिमीटर, ब्रश आणि पाना एवढंच साहित्य. बॅटरीची ग्रॅव्हिटी मोजायची, टर्मिनल घासायचे, लाइन तपासायची आणि उत्तरेकडे जाणाऱ्यांना कोणती बाटली कधी ओतायची ते सांगायचं. अर्ज मी लिहिला आहे, तिसऱ्या वर्षातल्या नऊ जणांनी सह्या केल्या आहेत. हायड्रोमीटर वर्कशॉपच्या कपाटात आहे आणि किल्ली सरांकडे.