वजाबाकीवाल्यांस

एका सौंदर्यतज्ज्ञांनी नुकताच निकाल दिला: चांगलं डिझाइन म्हणजे वजाबाकी. काढता येईल तेवढं काढा, उरेल ते साधं, आणि साधं तेच स्पष्ट. लोकलचा इंडिकेटर त्यांना गचाळ वाटतो. एवढीशी पाटी, तिच्यावर केवढी अक्षरं, आकडे, आलटूनपालटून येणाऱ्या भाषा!

गाडी कुठली, किती वाजता, स्लो की फास्ट, डबे 12 की 15. यातलं काय काढता, सांगा. डबे काढलेत, तर फलाटाच्या टोकाला उभा असलेला माणूस 12 डब्यांची गाडी आली की धावत सुटेल. इंडिकेटरमध्ये दोष आहे, पण तो दाटीचा नव्हे. कर्जतची खूण ‘एस’ आणि स्लोचीही ‘एस’! नवखा फसतो तो तिथे, आणि तो घोळ निस्तरायला अक्षर कमी नव्हे, एखादं जास्तच लागेल.

आता त्यांचा लाडका दाखला, लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा. विजेच्या जोडण्यांचे आराखडे काढणाऱ्या हॅरी बेकने तो 1931 साली आखला, 1933 साली तो प्रवाशांच्या हाती आला. बेकने खरा भूगोल मोडला, रेषा उभ्या, आडव्या नि 45 अंशांत बसवल्या. वजाबाकीवाले इथवर ऐकून टाळ्या पिटतात आणि उठून जातात. बेकने स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलायच्या जागा जपल्या, हे ऐकायला कोण थांबतो? शिवाय थेम्स नदीही ठेवली. भुयारातल्या माणसाला नदी कशाला? 2009 साली कुणाला तरी हाच प्रश्न पडला. नदी गेली, भाड्याचे झोनही गेले, नकाशा कसा चकचकीत झाला. लंडनकर मात्र खवळले. जमिनीवर आल्यावर आपण नदीच्या कुठल्या अंगाला आहोत, हे नकाशा सांगेना. काही महिन्यांत नदी परत! वजाबाकीच्या शास्त्रात याला काय म्हणतात, ते तज्ज्ञांनीच सांगावं.

शब्दांऐवजी चित्रं हवीत, असंही ते म्हणतात. वॉशिंग मशीनवरची सगळी चित्रं ज्याला कळली, त्याने हात वर करावा.

टंकलेखन यंत्रांच्या काळात देवनागरीवरून असाच वाद झाला होता. जोडाक्षरं मोडा, लिपी सोपी होईल! सोय यंत्राची होती. वाचणाऱ्याचं काय, असं विचारणारे मागासलेले ठरले.

साधेपणाशी माझं भांडण नाही. वाचणाऱ्याला या घटकेला काय ठरवायचंय ते आधी पाहावं, ते ठळक करावं, बाकीचं बारीक किंवा बाद. एसटीच्या पाटीवर गाव मोठं असतं, ‘मार्गे’ बारीक. मार्गे पुसलं तर पाटी देखणी दिसेल खरी, पण मधल्या गावचा माणूस भलत्याच गाडीत बसेल.