‘दुर्मीळ’ कोणाच्या मोजमापाने?

हृदयविकाराच्या झटक्यानंतर फाटलेले हृदय रायपूरच्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात शिवले गेले, की ‘दुर्मीळ शस्त्रक्रिया’ असा मथळा ठरलेलाच. शल्यचिकित्सकांच्या कौशल्याविषयी वाद नाही. वाद आहे तो ‘दुर्मीळ’ या शब्दाशी.

झटक्यात हृदयधमनी बंद पडते आणि तिच्यावर जगणारा स्नायू मरतो. हा मृत भाग पहिला आठवडाभर मऊ राहतो. तेथे व्रणाची चिवट ऊती तयार होण्यास कित्येक आठवडे लागतात. रक्तदाब मात्र तेवढी उसंत देत नाही. लाप्लासच्या नियमानुसार भिंत जितकी पातळ, तितका तिच्यावरील ताण अधिक. म्हणजे जो भाग आधीच दुबळा, त्याच्याच वाट्याला जास्त भार. मग कधी दोन निलयांमधला पडदा फुटतो, कधी झडप तोलून धरणारा स्नायू तुटतो, तर कधी बाहेरची भिंतच फाटते. भिंत फाटलेले बहुतेक रुग्ण काही मिनिटांत दगावतात. क्वचित हृदयावरण त्या छिद्राला चिकटून रक्त अडवून धरते. शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत पोहोचतो तो हा नशीबवान. बातमी त्याचीच होते.

गाठ विरघळवणारी औषधे येण्यापूर्वी पडदा फुटण्याचे प्रमाण 1 ते 2 टक्के होते. 1990च्या दशकातील ‘गुस्टो’ चाचणीत, ही औषधे मिळालेल्या सुमारे 41,000 रुग्णांत, ते 0.2 टक्के आढळले. ही घट शस्त्राने नव्हे, वेळेवर उघडलेल्या धमनीने घडवली. जिथे औषधच वेळेवर पोहोचत नाही, तिथे हा आकडा कोणत्या अधिकाराने वापरायचा? शिवाय तिसऱ्या दिवशी घरीच कोसळलेल्याचे शवविच्छेदन सहसा होत नाही. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच उरते. अशांची मोजदाद कोणत्याच यादीत नाही. उपकरणाची नजर जिथे पोहोचत नाही तिथले आकाश रिकामे मानणारा खगोलशास्त्रज्ञ हास्यास्पद ठरेल; आरोग्यवार्तेत ते सहज खपते.

जगदलपूरहून रायपूर सुमारे 300 किलोमीटर. एवढ्या अंतरावर अँजिओप्लास्टी दोन तासांत होणे अशक्य. तिथे सामुदायिक आरोग्य केंद्रातच ईसीजी, तो वाचून सांगणारा तज्ज्ञ फोनवर आणि टेनेक्टेप्लेजची एक कुपी हवी. दिल्लीत आयसीएमआरने मोटारसायकलवरून परिचारक पाठवून हे करून पाहिले आहे. तेव्हा पुढच्या ‘दुर्मीळ’ बातमीत रुग्णाचे छायाचित्र नसले तरी चालेल, पण एक आकडा असावा: छातीत पहिली कळ आल्यापासून औषध टोचले जाईपर्यंत गेलेले तास. आणि औषध टोचलेच गेले नसेल, तर तसे स्पष्ट छापावे.