विश्लेषण : ‘०००१’साठी कोल्हापुरात सहा लाख, सांगलीत पाच लाख! सरकारने गाड्यांचे नंबर विकावेत का?

कोल्हापुरात नवी गाडी दारात आली की पेढे खाता खाता पहिला प्रश्न येतो, ‘नंबर कुठला मिळाला?’ गाडीची किंमत, मायलेज, रंग हे सगळे नंतर. ‘एमएच-०९’ पुढचे चार आकडे मनासारखे मिळावेत म्हणून मालिका संपेपर्यंत गाडीची नोंदणी थांबवणारे इथे कमी नाहीत. ही हौस सरकारलाही माहीत आहे. म्हणूनच राज्याने ऑगस्ट २०२४ अखेरीस पसंतीच्या क्रमांकांचे दर वाढवले, तेव्हा सर्वाधिक दराच्या यादीत मुंबई, पुण्याबरोबर कोल्हापूरचेही नाव होते. पण ज्या आकड्यांचे मूळ काम गाडीची ओळख पटवणे एवढेच आहे, ते सरकारने विकायचे का, आणि विकायचे तर कसे?

दर नेमके किती वाढले?

चारचाकीसाठी ‘०००१’ या क्रमांकाचे शुल्क राज्यात तीन लाखांवरून पाच लाख रुपये झाले. मात्र मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, रायगड, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर या जास्त मागणीच्या ठिकाणी ते चार लाखांवरून सहा लाखांवर गेले. सांगली, साताऱ्याची नावे या यादीत नाहीत. म्हणजे कृष्णेकाठच्या हौशी माणसाला ‘एक नंबर’ पंचगंगेकाठच्या माणसापेक्षा लाखभर रुपयांनी स्वस्त पडतो. दुचाकी आणि तीनचाकीसाठी हेच शुल्क ५० हजारांवरून एक लाख झाले. साधी मोटारसायकल साधारण तेवढ्यातच येते.

‘०००९’, ‘००९९’, ‘०९९९’, ‘९९९९’, ‘०७८६’ अशा १६ लोकप्रिय क्रमांकांना चारचाकीसाठी दीड लाखाऐवजी अडीच लाख, तर दुचाकीसाठी २० हजारांऐवजी ५० हजार रुपये मोजावे लागतात. त्याखालच्या ४९ क्रमांकांचे शुल्क चारचाकीसाठी ७० हजारांवरून एक लाख आणि दुचाकीसाठी १५ हजारांवरून २५ हजार झाले. आणखी १८९ क्रमांक (‘००११’, ‘०२०२’, ‘४२४२’, ‘५६५६’ अशा धाटणीचे) चारचाकीला २५ हजार आणि दुचाकीला सहा हजारांत मिळतात.

हवा असलेला क्रमांक चालू मालिकेत शिल्लक नसेल, तर दुसऱ्या मालिकेतून घेता येतो. मात्र तिप्पट शुल्क भरून. दुचाकीची नवी मालिका सुरू होताना तिच्यातला क्रमांक चारचाकीला हवा असल्यासही हाच नियम. त्यामुळे कोल्हापुरात मालिकेबाहेरचा ‘०००१’ १८ लाखांना पडतो. एवढ्यात चांगली मध्यम आकाराची गाडी येते, हे वेगळे सांगायला नको.

खरी कमाई ‘एक नंबर’मधून?

बातमी होते ती ‘०००१’ची, पण तिजोरी भरते ती खालच्या पायऱ्यांवर. कोल्हापुरातील चारचाकीच्या एका मालिकेतले हे सगळे क्रमांक फक्त ठरलेल्या दराने विकले गेले असे धरू. ‘०००१’चे सहा लाख, अडीच लाखांच्या १६ क्रमांकांचे ४० लाख, एक लाखाच्या ४९ क्रमांकांचे ४९ लाख आणि २५ हजारांच्या १८९ क्रमांकांचे सव्वासत्तेचाळीस लाख. एकूण सुमारे एक कोटी ४२ लाख. त्यात ‘एक नंबर’चा वाटा जेमतेम चार टक्के.

म्हणजे या योजनेचा मुख्य ग्राहक बंगलेवाला उद्योगपती नाही. पहिली गाडी घेणारा, आकड्यांची बेरीज नऊ आली पाहिजे म्हणणारा, मुलाच्या जन्मतारखेचा किंवा वडिलांच्या जुन्या स्कूटरचा नंबर शोधणारा माणूस हा खरा ग्राहक आहे. ‘श्रीमंतांच्या चैनीवर कर’ हे या योजनेचे नेहमीचे समर्थन म्हणूनच अर्धेच खरे आहे. तरीही इथे कुणावर सक्ती नाही. ज्याला नको त्याला रांगेतला पुढचा क्रमांक कोणतेही जादा शुल्क न देता मिळतो आणि गाडी तेवढीच पळते. पेट्रोलवरच्या करापासून सुटका नाही, या शुल्कापासून आहे. महसुलाचे इतके कमी त्रासाचे साधन सरकारकडे दुसरे क्वचितच असेल.

कायद्याचा आधार काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वाहनाला नोंदणी क्रमांक देण्याचे काम नोंदणी प्राधिकाऱ्याचे. मग त्या क्रमांकाला राज्याने वेगळे पैसे कसे लावायचे, हा वाद मध्य प्रदेशातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने पसंतीच्या क्रमांकासाठी शुल्क घेण्याचा राज्याचा नियम रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये तो निर्णय फिरवला. विशिष्ट क्रमांक राखून ठेवणे आणि देणे ही वेगळी सेवा आहे आणि तिच्यासाठी राज्याला शुल्क आकारता येते, असे न्यायालयाने मान्य केले.

अधिकाराचा प्रश्न तिथे मिटला. पण ‘सेवा’ हा शब्द इथे थोडा ताणलेला वाटतो. ‘०००१’ द्यायला कार्यालयाला ‘३७४६’ देण्यापेक्षा सहा लाख रुपये जास्त खर्च येत नाही. ही सेवेची भरपाई नाही, दुर्मीळ वस्तूची किंमत आहे. आणि किंमत म्हटली की ती ठरवण्याची पद्धत उघड हवी.

लिफाफ्यातला लिलाव पुरेसा आहे?

नवी मालिका सुरू होणार असली की आरटीओ कार्यालय तारीख जाहीर करते. इच्छुकांनी ठरलेल्या शुल्काच्या डिमांड ड्राफ्टसह अर्ज करायचा. एकाच क्रमांकाला एकापेक्षा जास्त अर्ज आले तर त्यांची यादी फलकावर लागते. मग त्या अर्जदारांनी जादा रकमेचा ड्राफ्ट बंद लिफाफ्यात द्यायचा. सर्वांसमोर लिफाफे फोडले जातात आणि ज्याची रक्कम जास्त, त्याला नंबर. बाकीच्यांचे ड्राफ्ट परत. काही क्रमांक आता ऑनलाइनही घेता येतात, पण चुरशीचा सामना अजून लिफाफ्यातच रंगतो.

या पद्धतीचा गुण म्हणजे बोली लावणाऱ्याचे पैसे आधीच कार्यालयाच्या हातात असतात. याचे महत्त्व हरियाणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अनुभवले. ‘एचआर ८८ बी ८८८८’ या क्रमांकासाठी तिथल्या ऑनलाइन लिलावात ५० हजारांपासून सुरू झालेली बोली एक कोटी १७ लाखांपर्यंत गेली. देशभर गाजावाजा झाला. मुदतीत पैसे मात्र भरलेच गेले नाहीत. अनामत जप्त झाली आणि बोली लावणाऱ्याच्या मालमत्तेची चौकशी करण्याचे आदेश परिवहनमंत्री अनिल विज यांना द्यावे लागले. हौशी बोलीला ड्राफ्टचा लगाम बरा, तो असा.

दोष असा की पहिल्या फेरीत एकच अर्ज आला तर क्रमांक मूळ दराने जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी हौशी मंडळी एकमेकांना ओळखतात. ‘यंदा नऊ नंबर तू घे, पुढच्या मालिकेत मी’ असे आपसात ठरले तर कार्यालयाला कळण्याचा मार्ग नाही. खुल्या ऑनलाइन लिलावात परगावचा, अनोळखी स्पर्धकही उतरू शकतो. केरळमध्ये एप्रिल २०२५ मध्ये ‘केएल ०७ डीजी ०००७’ हा क्रमांक ४६ लाख २४ हजारांना गेला. चंडीगडमध्ये २०२२ मध्ये ‘०००१’साठी १५ लाख ४४ हजार मोजले गेले, तेही ७० हजारांच्या घरातल्या स्कूटरसाठी. महाराष्ट्राने दर वाढवले, पण विकण्याची पद्धत तीच ठेवली. विकायचेच असेल तर अनामत आधी घेऊन उघड बोली लावणे आणि कोणता क्रमांक कितीला गेला हे प्रत्येक मालिकेनंतर जाहीर करणे, एवढे तरी व्हायला हवे.

न विकण्याचा पर्याय कसा होता?

ज्याची किंमत ठरलेली नसते, ते ओळखीने मिळते, हा सरकारी कचेरीतला जुना अनुभव. पसंतीचा नंबर हवा तर शिफारसपत्र आणा, साहेबांना फोन करायला लावा, एजंटाला भेटा. दरपत्रकाने या वाटा पूर्ण बंद झाल्या असे नाही, पण अरुंद नक्कीच झाल्या. आमदाराचा माणूस आणि गुळाचा व्यापारी एकाच टेबलासमोर ड्राफ्ट घेऊन उभे राहतात. विक्रीच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा महसूल नसून हाच आहे.

विरोधातला मुद्दाही हलका नाही. केंद्राने १ मे २०१७ पासून गाड्यांवरचे लाल दिवे काढले, ते ‘व्हीआयपी संस्कृती’ नको म्हणून. त्यानंतर रस्त्यावर ‘मी कोण आहे’ हे सांगण्याचे सर्वांत सोपे साधन उरले ते नंबर. ‘०००१’ दिसला की नाक्यावरचा हवालदार हात वर करायला बिचकतो, अशी समजूत घेणाऱ्याच्याही मनात असते. सरकार हा दबदबा विकत नाही, असे कागदावर म्हणता येईल. घेणारा मात्र बऱ्याचदा तेवढ्यासाठीच पैसे मोजतो.

‘बॉस’ आणि ‘पवार’चे काय?

इंग्रजी आकड्यांतला ८०५५ थोडा वळवून लिहिला की ‘बॉस’ दिसतो. ४९१२चा ‘पवार’ होतो, ०२१४मध्ये ‘राम’ सापडतो. या खेळात कोल्हापूर-सांगलीचे रेडियम आर्टवाले वाकबगार. पण आकड्यांचा आकार बदलणे नियमात बसत नाही, आणि ई-चलनाच्या कॅमेऱ्याला असा नंबर वाचताही येत नाही. क्रमांक विकणारे आणि त्याच क्रमांकाच्या पाटीवर दंड करणारे खाते एकच, अशी ही गंमत आहे.

एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, विक्रेत्याकडूनच बसवून मिळते. त्याआधीच्या गाड्यांनाही ती राज्यात सक्तीची झाली, जरी मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. या पाटीवर अक्षरांचे वळण एकच. त्यामुळे ८०५५ विकत घेता येतो, ‘बॉस’ नाही.

ब्रिटनमध्ये परवाना खाते १९८९पासून नंबर विकते. तिथे अक्षरेही निवडता येतात. ‘२५ ओ’ ही पाटी २०१४ मध्ये पाच लाख १८ हजार पौंडांना गेली होती. मात्र नाव दिसावे म्हणून अक्षरांमधले अंतर बदलले तर दंड होतोच, शिवाय विकत घेतलेला नंबरही सरकार काढून घेऊ शकते. महाराष्ट्राने दर वाढवताना ही अट घेतली असती, तर रेडियमच्या दुकानांबाहेरची गर्दी बरीच कमी झाली असती.

आता नंबर वारशानेही?

२०२४च्या बदलात दरांच्या गोंगाटात एक गोष्ट मागे पडली. पूर्वी असा क्रमांक दुसऱ्याच्या नावे करता येत नव्हता. आता पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी अशा जवळच्या कुटुंबीयांच्या नावे तो करता येतो. सोय म्हणून हे रास्त आहे. घरात गाडी एकाच्या नावावर आणि चालवणारा दुसरा, हे सर्रास असते. पण एकदा भरलेल्या सहा लाखांत ‘०००१’ पुढच्या पिढीकडेही जाणार असेल, तर तो परवाना राहत नाही, घराण्याची मिळकत होते. मग त्या हस्तांतराला वेगळे शुल्क हवे, की ठरावीक वर्षांनी क्रमांक पुन्हा लिलावात यायला हवा?

पैशाचे पुढे काय होते, हेही विचारले पाहिजे. दुबईत एप्रिल २०२३ मध्ये ‘पी ७’ हा क्रमांक साडेपाच कोटी दिरहमला गेला, तो अन्नदानासाठीच्या धर्मादाय लिलावात. पैसा कुठे जाणार हे बोली लावणाऱ्याला आधीच ठाऊक होते. इथले शुल्क राज्याच्या तिजोरीत जमा होते आणि इतर महसुलात मिसळून जाते. जुन्या गाडीला एचएसआरपी बसवायची तर चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी हा दर आहे. सहा लाखांचा ‘०००१’ असो की फुकटातला ‘३७४६’, पाटी दोघांनाही तीच मिळते.